मैदानाचा हिशेब वेगळा, मनोऱ्यांचा वेगळा : स्टेडियमच्या प्रकल्पावर हरकत कशी नोंदवावी

शहरात नवे स्टेडियम होणार अशी बातमी येते तेव्हा तिच्यासोबत एक संगणकीय चित्र येते. चित्राच्या मध्यभागी हिरवेगार मैदान, प्रकाशझोताचे खांब आणि खच्चून भरलेली प्रेक्षागृहे असतात. मागे मात्र फिकट करड्या रंगात पाचसहा मनोरे उभे असतात आणि त्यांच्याबद्दल बातमीत एखादेच वाक्य असते, ते असे की संकुलात हॉटेल, कार्यालये, दुकाने आणि निवासी इमारती यांचाही समावेश असेल. या प्रकल्पावर वाद घालायचा असेल तर त्या करड्या मनोऱ्यांपासून सुरुवात करावी, असा माझा सल्ला आहे. मैदानापासून सुरुवात करणारा नागरिक पहिल्याच मिनिटाला 'म्हणजे तुमचा खेळाला विरोध आहे का?' या प्रश्नात अडकतो, आणि भर सभेत त्याचे पटेल असे उत्तर देणे फार थोड्यांना जमते.

तेव्हा सर्वप्रथम एका प्रस्तावाचे दोन प्रस्ताव करावेत. शहराला स्टेडियम हवे का, कोणत्या खेळाचे, किती प्रेक्षकांचे आणि कुठे, हा एक प्रश्न. सार्वजनिक जमिनीवर व्यापारी बांधकामाचा हक्क कोणाला, किती वर्षांसाठी आणि कोणत्या मोबदल्यात द्यायचा, हा दुसरा. प्रस्ताव मांडणारे हे दोन्ही प्रश्न हेतुपुरस्सर एकत्र बांधतात, कारण पहिल्याबद्दल लोकांना वाटणारा उत्साह दुसऱ्याच्या कामी येतो. 'मनोऱ्यांशिवाय स्टेडियमचा खर्च निघणार नाही' असे उत्तर मिळाले तर ते जरूर ऐकून घ्यावे आणि लगेच विचारावे की खर्च निघण्यासाठी नेमके किती चौरस फूट बांधकाम लागते आणि प्रस्तावात किती दाखवले आहे. या दोन आकड्यांमधले अंतर हाच चर्चेचा खरा विषय असतो.

नवी मुंबईतल्या घणसोलीचे प्रकरण या दृष्टीने प्रत्येकाने समजून घेण्यासारखे आहे. तिथे २००३ मध्ये शासकीय क्रीडासंकुलासाठी सुमारे २० एकर जमीन ठरवण्यात आली होती. संकुल काही उभे राहिले नाही, आणि २०१६ मध्ये त्याच जमिनीपैकी काही भाग निवासी व वाणिज्य बांधकामासाठी खासगी विकासकाला देण्यात आला. पुढे २०२१ मध्ये शासनाने संकुलच रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर दूर, हलवण्याचा निर्णय घेतला. वास्तुविशारदांच्या संघटनेच्या नवी मुंबई केंद्राने त्याविरुद्ध जनहित याचिका केली आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला. त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. यात ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की याचिकाकर्त्यांनी इमारती चांगल्या की वाईट, हा वाद घातलाच नाही. क्रीडासंकुलासाठी ठरलेली जमीन मुलांच्या आवाक्याबाहेर कशी नेता येईल, हा त्यांचा एक महत्त्वाचा मुद्दा होता. घणसोलीतला मुलगा सरावासाठी रोज संध्याकाळी माणगावला जाऊन परत येऊ शकत नाही, हे समजायला नगररचनेची पदवी लागत नाही.

जमिनीचे कागद

वादाला उतरण्याआधी त्या जमिनीवर आज काय लिहिलेले आहे ते स्वतः पाहावे. महापालिकेच्या नगररचना विभागात अर्ज केला की झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. मुंबईत त्याऐवजी विकास योजनेचा, म्हणजे शहरातल्या जमिनींचा वापर ठरवणाऱ्या आराखड्याचा, अभिप्राय घ्यावा लागतो, ज्याला सगळे 'डीपी रिमार्क' म्हणतात. भाग नकाशा म्हणजे विकास योजनेतला आपल्या भूखंडापुरता तुकडा. त्यावर आरक्षणाचा क्रमांक आणि प्रयोजन, म्हणजे जागा कोणत्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली आहे ते, असते : क्रीडांगण, उद्यान, स्टेडियम, क्रीडासंकुल. हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. क्रीडांगणावर कोणीही चेंडू घेऊन जाऊ शकतो. स्टेडियममध्ये तिकीट घेऊन किंवा सभासद होऊन जावे लागते. 'क्रीडांगण' पुसून 'क्रीडासंकुल' लिहिले गेले की रंग हिरवाच राहतो आणि वृत्तपत्रात 'खेळासाठीची जागा खेळासाठीच' असे छापून येते, परंतु कुंपणाचे फाटक कोणासाठी उघडते ते बदललेले असते.

भाग नकाशासोबत मिळकत पत्रिका किंवा सातबारा घ्यावा, म्हणजे मालक शासन आहे, महापालिका आहे की एखाद्या संस्थेला दिलेला भाडेपट्टा आहे, हे कळते. भाडेपट्टा असेल तर त्याची मुदत आणि प्रयोजनाचे कलम वाचावे. मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सचा सारा वाद भाडेपट्ट्यापासूनच सुरू झाला : ९९ वर्षांची मुदत २०१३ मध्ये संपली आणि सुमारे २११ एकर जागेचे काय करायचे, हा प्रश्न त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ चर्चेत राहिला. भाडेपट्टा संपण्याची तारीख ठाऊक असलेला नागरिक बातमी येण्याच्या दोन वर्षे आधीच सावध असतो.

आता मनोऱ्यांचे गणित. समजा २० एकरांचा भूखंड आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून एकूण क्षेत्र सुमारे ८०,९०० चौरस मीटर. 'फक्त ३० टक्के जागा' व्यापारी वापराला द्यायची आहे असे सांगितले जाते. ती झाली सुमारे २४,३०० चौरस मीटर. तिच्यावर ३ इतका चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे जागेच्या तिप्पट बांधकाम, वापरायला मिळाला तर बांधकाम होते सुमारे ७२,८०० चौरस मीटर, अर्थात जवळपास ७ लाख ८० हजार चौरस फूट. सभेत 'फक्त ३० टक्के' आणि 'पावणेआठ लाख चौरस फूट' ही दोन वाक्ये एकामागून एक उच्चारून पाहावीत. श्रोत्यांचे चेहरे दुसऱ्या वाक्याला बदलतात. स्टेडियमच्या वाट्याच्या जागेवर न वापरलेला निर्देशांक व्यापारी भागाकडे वळवण्याची मुभा आहे का, हेही विचारावे, कारण तशी मुभा असेल तर ३० टक्क्यांच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. जमिनीच्या किमतीसाठी शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याचा, म्हणजे रेडी रेकनरचा, दर धरावा. तो बाजारभावापेक्षा कमी असला तरी शासनाचाच असल्याने त्यावर समोरच्याला आक्षेप घेता येत नाही.

वर्षाचे ३६५ दिवस

स्टेडियमच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी नेहमी दिनदर्शिका मांडायला सांगतो. आयपीएलच्या साखळीत एक संघ १४ सामने खेळतो आणि त्यांतले ७ घरच्या मैदानावर असतात. त्यांत एखाद-दोन आंतरराष्ट्रीय सामने, काही रणजी सामने आणि मैफली मिळवाव्यात. नेरूळच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम झाले आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. म्हणजे भरगच्च वर्ष कसे असते, याचा हा नमुना. एवढे करूनही बहुतेक दिवस उरतातच. त्या उरलेल्या दिवसांत फाटक कोणासाठी, किती वाजता आणि किती शुल्कात उघडेल, हे करारात लिहिलेले असायला हवे. 'स्थानिक खेळाडूंना प्राधान्य' या शब्दांवर समाधान मानू नये. वार, तास आणि शुल्क मागावे.

त्याच्या शेजारी साधे मैदान ठेवून पाहावे. मुंबईच्या आझाद मैदानाची ओळखच २२ खेळपट्ट्यांची. एका संघाचा कव्हर पॉइंट दुसऱ्या संघाच्या स्लिपमध्ये उभा, अशा दाटीत तिथे रविवारी शेकडो जण खेळतात. तितक्याच जागेत बांधलेल्या स्टेडियममध्ये एका वेळी २२ जण खेळतात आणि बाकीचे बघतात. याचा अर्थ स्टेडियम नको असा नव्हे. मी स्वतः वानखेडेच्या पूर्वेकडच्या बाकांवर बसून घसा बसवून घेतलेला माणूस आहे, आणि आपल्या शहरात मोठा सामना व्हावा ही इच्छा मला हास्यास्पद वाटत नाही. पण खेळणाऱ्यांची जागा घेऊन बघणाऱ्यांची जागा बांधायची असेल तर खेळणाऱ्यांना दुसरीकडे काय मिळणार, हे नकाशावर दाखवले पाहिजे. मातीवरचा कबड्डीचा सराव, खो-खोचे खांब, पहाटे चालायला येणारे ज्येष्ठ, सुट्टीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा, या साऱ्यांची नोंद करून ठेवावी. आठवडाभर सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सात या वेळेत दर तासाला माणसे मोजली आणि छायाचित्रांवर दिनांक-वेळ ठेवली, तर 'जागा पडूनच आहे' हा युक्तिवाद सुनावणीत टिकत नाही. सल्लागाराच्या अहवालात मैदानाचे वर्णन बहुधा 'अल्पवापरातील भूखंड' असे असते. सल्लागार दुपारी दोन वाजता पाहणीला आला होता का, असे विचारण्याचा मोह मात्र आवरावा.

गर्दी, आवाज आणि पाणी

वाहतुकीच्या अहवालात वाहनतळाच्या जागा मोजलेल्या असतात. तुम्ही माणसे बाहेर पडण्याचा वेळ मोजायला सांगावे. वानखेडे स्टेडियम चर्चगेट स्थानकापासून पायी काही मिनिटांवर आहे आणि तीसेक हजार प्रेक्षकांपैकी बहुतेकांना सामना सुटल्यावर लोकल पकडता येते. गहुंजेचे स्टेडियम द्रुतगती मार्गालगत, पुण्याबाहेर आहे आणि तिथून परतणे ज्याने अनुभवले आहे त्याला अहवालाची गरज नाही. संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा टी-ट्वेंटी सामना अकराच्या पुढे संपतो, म्हणून शेवटची लोकल, मेट्रो किंवा शहर बस किती वाजता आहे, हा प्रश्न गौण समजू नये. बंगळूरूत ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. त्या दिवशी सामना नव्हता, विजयोत्सव होता. गर्दीचे नियोजन आसनसंख्येवर बेतलेले असते आणि गर्दी मात्र रस्त्यावर जमते. त्यामुळे फाटकांबाहेर मोकळी जागा किती आणि ती दुकानांच्या रांगांनी अडणार आहे का, हे आराखड्यावर बोट ठेवून विचारावे.

आवाजाबाबत नियम सरळ आहे : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गंमत अशी की ज्या मनोऱ्यांमधल्या सदनिका 'स्टेडियमचे दृश्य' म्हणून विकल्या जातील, तिथलेच रहिवासी दोन वर्षांनी आवाजाची तक्रार घेऊन येतील.

पाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात हसण्यावारी नेता येत नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला आणि पुण्याच्या संघाला घरचे सामने विशाखापट्टणमला खेळावे लागले. खेळपट्टी आणि मैदान प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर राखले जाईल, ही अट म्हणून मंजुरीतच यायला हवी, आणि त्यासाठीचे शुद्धीकरण केंद्र कुठे आहे व वाहिनी कुठून येणार, हेही सोबत दाखवले जावे.

'शहराला उत्पन्न मिळेल' या दाव्याला दुसऱ्या शहरांचे अनुभव हे चांगले उत्तर आहे. माँट्रियलने १९७६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचे कर्ज २००६ मध्ये, म्हणजे ३० वर्षांनी, फिटले आणि त्यासाठी तंबाखूवर खास कर लावावा लागला. लंडनने २०१२ च्या ऑलिंपिकचे स्टेडियम नंतर एका फुटबॉल क्लबला ९९ वर्षांच्या कराराने वर्षाला सुमारे २५ लाख पौंड भाड्याने दिले. तिथे मैदानाच्या रूपांतरावरच ३२ कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला आणि तो भार मुख्यतः सार्वजनिक तिजोरीवर पडला. मात्र परदेशी उदाहरणे दोनच द्यावीत. तिसऱ्या उदाहरणाला 'आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे' असे म्हणून सगळीच बाजूला सारली जातात.

माहिती मागताना

माहिती अधिकाराचा अर्ज लवकर करावा, कारण उत्तराला ३० दिवस लागतात आणि हरकतीची मुदतही साधारण तेवढीच असते. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचे शुल्क आहे. अर्ज एकाच विषयावर असावा आणि साधारणतः १५० शब्दांच्या आत बसावा, असा नियम आहे. त्यामुळे एक लांबलचक अर्ज करण्यापेक्षा चार वेगवेगळे अर्ज करावेत : एक व्यवहार्यता अहवालासाठी, एक वाहतूक अहवालासाठी, एक निविदा व कराराच्या मसुद्यासाठी आणि एक सर्वसाधारण सभेच्या ठरावासाठी. 'हा प्रकल्प का घेतला?' असे विचारू नये; कारणे ही माहिती नव्हे असे सांगून अर्ज निकाली काढला जातो. 'अमुक दिनांकाच्या टिप्पणीची प्रत द्यावी' असे मागावे. करार देताना 'व्यापारी गुपित' हे कारण पुढे येण्याची शक्यता असते. कायद्याच्या कलम ८(१)(घ) मध्येच व्यापक जनहिताचा अपवाद आहे, आणि प्रथम अपिलात त्यावरच भर द्यावा.

पर्यावरणाबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारती व नगरवसाहतींच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेले आहे. सुनावणीची वाट पाहत बसलेल्यांना मंजुरी होऊन गेल्यावर कळते. झाडे तोडण्याची नोटीस वेगळी निघते आणि तिची मुदत फार थोडी असते. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड कायद्याने 'हेरिटेज' ठरते, म्हणून नोटिशीतल्या यादीतली वये आणि प्रत्यक्षातले बुंधे जुळवून पाहावेत. टोकियोत मेइजी जिंगू गायएन भागात जुनी बेसबॉल व रग्बीची मैदाने पाडून नवी बांधण्याची आणि सोबत उंच इमारती उभ्या करण्याची योजना २०२३ मध्ये मंजूर झाली, तेव्हा संगीतकार र्‍यूइची साकामोतो यांनी मृत्यूच्या काही आठवडे आधी राज्यपाल युरिको कोइके यांना पत्र लिहून झाडांसाठी साकडे घातले. योजना थांबली नाही, परंतु झाडांवरचा विरोध इतका वाढला की २०२४ मध्ये तोडायच्या झाडांची संख्या १२४ ने कमी करावी लागली.

हरकत लिहिताना

आरक्षणात बदल करायचा असेल तर बहुधा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली नोटीस निघते. ती राजपत्रात आणि वृत्तपत्रांत येते; वृत्तपत्रांत ती निविदांच्या पानावर, बारीक टाइपात असते. हरकतीसाठी नोटिशीच्या दिनांकापासून जास्तीत जास्त एक महिना मिळतो आणि हरकत कोणीही घेऊ शकतो. 'तुमची मालमत्ता बाधित होते का?' असे खिडकीवर विचारले गेले तर नम्रपणे नोटिशीतलाच मजकूर दाखवावा.

मी पहिल्यांदा हरकत घेतली तेव्हा नऊ पाने लिहिली होती. सुनावणीच्या अधिकाऱ्यांनी थेट शेवटचे पान काढले आणि विचारले, 'मागणी काय?' मागणी मी लिहिलीच नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक हरकत चार-पाच ओळींत आणि मागणीसह लिहितो. ती साधारण अशी असते :

'नोटिशीतील अनुसूचीनुसार सदर भूखंडाचे "क्रीडांगण" हे आरक्षण बदलून "क्रीडासंकुल व वाणिज्य वापर" असे करण्याचे प्रस्तावित आहे. या बदलाने खुल्या क्षेत्रात होणारी घट नोटिशीत चौरस मीटरमध्ये दर्शविलेली नाही. ती दर्शवून नोटीस नव्याने प्रसिद्ध करावी. पर्यायाने, वाणिज्य वापराचे क्षेत्र व अनुज्ञेय बांधकाम यांची कमाल मर्यादा मंजुरीत नमूद करावी आणि उर्वरित क्षेत्रापैकी किमान एक सलग मैदान विनाशुल्क सार्वजनिक वापरासाठी खुले ठेवण्याची अट घालावी.'

यातला 'पर्यायाने' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रकल्प रद्दच करा, एवढीच मागणी केली आणि ती फेटाळली गेली तर हातात काही उरत नाही. अटींची मागणी नोंदवलेली असेल तर शासनाला पाठवल्या जाणाऱ्या अहवालात तिच्यावर मत देणे टाळता येत नाही. प्रकल्पाला पाठिंबा असलेल्यांनीही हे करावे असे मला वाटते. सूचना हाही हरकतीइतकाच अधिकृत कागद असतो, आणि 'स्टेडियम हवे, पण या अटींवर' असे लिहिणाऱ्या क्रीडा मंडळांचे पत्र सोसायट्यांच्या पत्रांपेक्षा जास्त वजनदार ठरते. एकाच मसुद्यावर पाचशे सह्या घेण्यापेक्षा पंचवीस वेगळ्या हरकती द्याव्यात. सारख्या मसुद्याच्या हरकती एका शेऱ्यात निकाली निघतात.

कागद दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. सुनावणीला चार-पाच मिनिटेच मिळतात. त्यात भाग नकाशा टेबलावर पसरून एकच मुद्दा सांगावा, बाकीचे लेखी दिलेले असतेच. बाहेर पडण्याआधी आपले म्हणणे इतिवृत्तात घेतले का ते विचारावे आणि आठवड्याने इतिवृत्ताची प्रत मागावी. मंजुरीची अधिसूचना निघाली की ती शेवटच्या अटीपर्यंत वाचावी. मैदान सार्वजनिक वापरासाठी 'खुले राहील' असे असेल तर ती अट आहे. 'शक्यतो खुले ठेवण्यात यावे' असे असेल, तर पुढचा अर्ज त्याच दिवशी लिहायला घ्यावा.